हेल्मेट सारखं मागे सरकतंय? नवीन घेण्याआधी हे तपासा

रविवारी पहाटे पावणेसहाला ठाण्यात उपवन तलावाच्या काठावर आम्ही पंधरा-वीस सायकलवाले जमतो आणि येऊरचा डोंगर चढतो. निघण्याआधी मी सगळ्यांच्या डोक्यांवरून एक नजर फिरवते. दोघा-तिघांना थांबवावं लागलं नाही असा रविवार मला आठवत नाही. तक्रार ठरलेली असते. "काकू, हे बसतच नाही. कितीही घट्ट केलं तरी मागे जातं." आणि लगेच पुढचं वाक्य, "साईझ चुकली बहुतेक. नवीनच घेतो."

घाई करू नका. सात वर्षं मी हाच एक बिघाड दुरुस्त करते आहे. बहुतेकांच्या हेल्मेटचं माप बरोबर असतं. चुकलेली असते ती पट्ट्यांची लांबी, मागच्या डायलची (म्हणजे घेर आवळायच्या-सैल करायच्या चकतीची) जागा, नाहीतर घालायची रीत. दहा मिनिटांत फुकट सुटणाऱ्या गोष्टीसाठी नवीन हेल्मेट घ्यायचं आणि त्याच्याही पट्ट्या तशाच लोंबत्या ठेवायच्या, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझं काम शिवणाचं. पाचपाखाडीत सव्वीस वर्षं ब्लाऊज शिवते. टेप सायकलच्या पिशवीतही असते, म्हणून ग्रुपमध्ये हे काम माझ्याकडे आलं. खालचा क्रम मी स्वतः वापरते तोच आहे. आधी फुकटचं आणि सोपं, मग वेळखाऊ, शेवटी खर्चाचं. मधल्या कुठल्याही पायरीवर हेल्मेट जागेवर बसलं तर पुढच्या पायऱ्या सोडून द्या.

लक्षणं

कपाळ उघडं पडतं. निघताना हेल्मेट भुवईजवळ असतं, अर्धा चढ चढेपर्यंत केसांच्या रेषेवर गेलेलं असतं. सगळ्यात जास्त हीच तक्रार येते. ती ओळखायची एक खूण आहे, जी आरशात घरबसल्या दिसते: कपाळावरची उन्हाची रेघ. नियमित सायकल चालवणाऱ्याच्या कपाळावर रापलेल्या आणि न रापलेल्या कातडीची सीमा असते. ती भुवईच्या वर दोन बोटांवर असेल तर हेल्मेट जागेवर बसतंय. रेघ पार केसांच्या मुळाशी असेल, तर हेल्मेट महिनोन्‌महिने मागे सरकलेलं आहे, फक्त तुमच्या लक्षात आलेलं नाही.

याच्या उलट, चढावर मान खाली घातली की हेल्मेट डोळ्यांवर येतं आणि चष्म्याच्या फ्रेमवर टेकतं.

मान वळवून मागची गाडी बघायला गेलं की डोकं वळतं आणि हेल्मेट तिथंच राहतं.

अर्ध्या तासात कपाळाच्या मधोमध किंवा दोन्ही कानशिलांवर ठणका लागतो, काढल्यावर लाल वळ दिसतात.

पट्टी कानाला घासते, गळ्यात रुतते, बक्कल हनुवटीखाली न येता एका गालाकडे येतं.

आणि शेवटचं लक्षण, ज्याला कंटाळून लोक नवीन हेल्मेट घेतात: आज नीट बसवलं, पुढच्या रविवारी पुन्हा सैल.

मी एवढी मागे का लागते

चार वर्षांपूर्वी, भर जुलैत, पाण्याखालचा खड्डा मला दिसला नाही. पुढचं चाक अडकलं आणि मी हँडलवरून पुढे फेकले गेले. हेल्मेट चांगलं होतं, डोक्यावर होतं, बक्कलही लावलेलं होतं. पण ते तीन-चार बोटं मागे सरकलेलं होतं. हेल्मेटला ओरखडासुद्धा आला नाही आणि माझ्या डाव्या भुवईच्या वर तीन बोटांवर पाच टाके पडले. टाके घालून झाल्यावर डॉक्टरांनी ते हेल्मेट माझ्या डोक्यावर हलकेच धरलं, पुढची कड खाली ओढली, आणि आरसा दाखवला. जखमेवरची पट्टी पूर्ण झाकली गेली होती.

सायकलवरून माणूस पडतो तो बऱ्याचदा पुढे पडतो, आणि डोकं आपटलं तर बऱ्याचदा लागतं ते कपाळ किंवा कपाळाची बाजू. हेल्मेट डोक्याच्या जेवढ्या भागावर असतं तेवढाच भाग वाचवतं. त्यामुळे मागे सरकलेलं हेल्मेट ही माझ्या लेखी बारीकसारीक तक्रार नाही.

१. आधी उलटं करून आत बघा

एक मिनिटाचं काम. आतल्या कागदी लेबलवर माप सेंटीमीटरमध्ये लिहिलेलं असतं, बऱ्याचदा बनवल्याची तारीखही असते. दोन्ही वाचून ठेवा. मग उजेडात धरून आतल्या फोमवर बोट फिरवा. केसासारखा बारीक तडा, दबलेला खळगा, बाहेरचं प्लास्टिक फोमपासून सुटून फुगलेलं, यातलं काहीही दिसलं तर इथेच थांबा. अशा हेल्मेटवर मेहनत घेऊ नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

फोम ठीक असेल तर पुढची बाजू कुठली ते नक्की करा. डायल मागे. हे सांगायची गरज वाटणार नाही, पण भाड्याच्या सायकलीबरोबर मिळालेलं हेल्मेट उलटं घातलेली माणसं मला पाम बीच रोडवर दिसली आहेत. पुढची बाजू मागे गेली की मग कुठलीच पट्टी जागेवर येत नाही.

२. भुवईवर दोन बोटं

हेल्मेट घाला, आरशासमोर उभे राहा. भुवई आणि हेल्मेटची कड यांत तुमची दोन बोटं आडवी बसली पाहिजेत. तीन बसली तर ते वर आहे. आरसा नसेल तर मान न हलवता फक्त डोळे वर करा. हेल्मेटची कड नजरेच्या टोकाला दिसायला हवी. दिसतच नसेल तर ते मागे गेलंय.

बरेच जण हेल्मेट मुद्दामच मागे कलवून घालतात. उन्हाळ्यात कपाळाला वारा लागतो म्हणून, किंवा फोटोत चेहरा दिसावा म्हणून. अशांचं हेल्मेट मी पुढे ओढते तेव्हा ते म्हणतात, "काकू, डोळ्यांवर आल्यासारखं वाटतंय." दोन-तीन फेऱ्यांत सवय होते.

३. हेल्मेटखाली काय आहे?

आंबाडा, उंच बांधलेली पोनीटेल, मोठा चिमटा, जाड शिवणीची टोपी. यातलं काहीही असेल तर हेल्मेट डोक्यावर बसलेलं नसतं, त्या वस्तूवर बसलेलं असतं. केस मानेशी, सैल आणि खाली बांधा. वेणी उत्तम. घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून काही घालायचंच असेल तर एकेरी पातळ कापडाचं घाला. ते घालूनच पुढच्या सगळ्या तपासण्या करा, कारण पातळ कापडानेसुद्धा बसण्यात फरक पडतो.

शनिवारी रात्री डोक्याला भरपूर तेल चोपडून रविवारी हेल्मेट घालणारे आपल्याकडे पुष्कळ. तेलाने आतल्या गाद्या बुळबुळीत होतात आणि हेल्मेट घसरायला आणखी मदत मिळते. तेल लावायचा वार बदला, एवढंच सांगते.

४. मागची डायल: आवळण्याआधी जागा बघा

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात.

हात डोक्याच्या मागे न्या. मान जिथे कवटीला मिळते त्याच्या जरा वर हाडाचा एक उंचवटा लागेल. काहींचा ठळक असतो, काहींचा अगदी पुसट. डायल ज्या प्लास्टिकच्या पट्टीवर असते ती मागची पकड या उंचवट्याच्या *खाली* बसली पाहिजे. उंचवट्याच्या खाली कवटी आत वळते, त्यामुळे पकड तिथे अडकून राहते.

पकड उंचवट्याच्या वर बसली असेल तर काय होतं? आंब्याची कोय दोन बोटांत दाबली की ती सटकते, तसंच. डायल जितकी आवळाल तितकं हेल्मेट वर आणि मागे ढकललं जातं. सैल वाटतं म्हणून माणूस अजून आवळतो, मग डोकं दुखायला लागतं, आणि हेल्मेट तरीही निसटतंच. "पूर्ण टाइट केली तरी हलतंय" असं कुणी म्हणालं की मी आधी हाताने उंचवटा शोधते.

करायचं असं. हेल्मेट घालण्याआधी डायल पूर्ण सैल करा. हेल्मेट घाला, भुवईवर दोन बोटं ठेवून पुढची कड धरा. दुसऱ्या हाताने मागची पकड खाली ओढून उंचवट्याखाली न्या आणि तशीच धरून डायल फिरवा. चारी बाजूंनी सारखा, हलका दाब जाणवला की थांबा. आता बक्कल न लावता कंबरेतून खाली वाका आणि डोकं हळू हलवा. हेल्मेट पडायला नको. पडलं तर अजून एक-दोन खटके आवळा.

पकड उंचवट्याच्या खाली पोचतच नसेल तर हेल्मेट काढून आत बघा. बऱ्याच हेल्मेटमध्ये या पकडीच्या पट्टीला टिचबटणासारखे खुंट असतात आणि फोमच्या आतल्या बाजूला त्यांच्यासाठी तीन-चार भोकं असतात. खुंट अंगठ्याने दाबून बाहेर काढायचा आणि एक भोक खाली बसवायचा. 'खट्' असा आवाज आला पाहिजे. काही मॉडेलमध्ये पकड नुसती वरखाली सरकते. अनेकांना ही सोय असते हेच माहीत नसतं. हेल्मेट दुकानातून ज्या भोकावर आलं त्याच भोकावर वर्षानुवर्षं राहतं.

५. कानाखालचा व्ही

डायल हेल्मेट जागेवर आणते, पण पडताना ते जागेवर धरून ठेवतात त्या पट्ट्या. प्रत्येक कानाला दोन, एक कानाच्या पुढून येते, एक मागून. दोघी कानाखालच्या छोट्या क्लिपमध्ये भेटतात. बाजूने पाहिलं तर इंग्रजी व्हीचा आकार दिसायला हवा. त्याचं टोक, म्हणजे ती क्लिप, कानाच्या पाळीच्या लगेच खाली, किंचित पुढे.

आता दोष ओळखायचा. हाताचा तळवा हेल्मेटच्या पुढच्या कडेवर ठेवून वर आणि मागे ढकला. दोन-अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकलं, तर *पुढच्या* पट्ट्या लांब आहेत. हेल्मेट मागे जातं तेव्हा त्याची पुढची कड वर उचलली जाते आणि ती खाली धरून ठेवायचं काम पुढच्या पट्टीचं असतं. मग मागून वर ढकलून बघा. डोळ्यांवर आलं तर *मागच्या* पट्ट्या लांब आहेत. इथे बऱ्याच जणांचं उलटं होतं. हेल्मेट मागे जातंय म्हणून ते मागची पट्टी ओढतात, क्लिप कानाच्या मागे जाते, पुढची पट्टी आणखी तिरकी होते, आणि हेल्मेट अजूनच मागे सरकतं.

गेल्या महिन्यातलीच गोष्ट. कळव्याहून येणाऱ्या एक नर्स ताई आहेत. त्यांनी दोन वर्षांत तिसरं हेल्मेट घेतलं होतं आणि तेही मागे जात होतं. तलावाकाठच्या बाकावर त्यांना बसवलं. बघते तर दोन्ही क्लिप कानाच्या मागे, पुढच्या पट्ट्या गालावर सैल, आणि बक्कल मात्र गळ्यात रुतेल एवढं घट्ट.

"ताई, श्वास घेता येतोय का?"

"सैल केलं की उडून जातं हो."

"मान सरळ ठेवा, समोर तलावाकडे बघा."

आधी बक्कल सोडलं. क्लिपचं झाकण नखाने उघडलं. हेल्मेट भुवईवर दोन बोटांवर धरायला त्यांच्या मुलाला सांगितलं, कारण पट्ट्या लावताना हेल्मेट हललं तर सगळं माप चुकतं. पुढची पट्टी क्लिपमधून दीड बोट ओढून घेतली, मागची तेवढीच सोडली. क्लिप पुढे सरकत पाळीखाली आली. झाकण दाबलं. दुसऱ्या बाजूला तेच. मग बक्कल लावून हनुवटीखालची पट्टी उलट चार बोटं *सैल* केली. तळव्याने पुढची कड ढकलली, हेल्मेट जागचं हललं नाही. त्या चढ चढून परत आल्या तेव्हा पुन्हा बघितलं. भुवईवर दोन बोटं होती.

हनुवटीखाली पट्टीत एक बोट सहज, दुसरं जरा ओढून जावं, इतकंच घट्ट हवं. मग तोंड मोठं उघडा, जांभई दिल्यासारखं. डोक्यावर हेल्मेट खाली ओढलं गेल्याचं जाणवलं पाहिजे. काहीच जाणवलं नाही तर पट्टी सैल आहे. तोंड उघडताच येत नसेल तर फार घट्ट आहे.

बक्कल एका गालाकडे येत असेल तर हेल्मेटच्या मागे बघा. बऱ्याच हेल्मेटमध्ये मागची डावी-उजवी पट्टी सलग एकच असते आणि ती आतून एका बाजूला सरकलेली असते. हेल्मेट काढून ती बोटाने मधोमध आणा आणि मग वरचं सगळं पुन्हा करा. काही स्वस्त हेल्मेटमध्ये कानाखालची क्लिप कायमची शिवलेली असते. तिथे ही पायरी करता येत नाही. व्ही तुमच्या कानाला जुळला नाही तर ते हेल्मेट तुमचं नाही.

६. आठवड्याने पुन्हा सैल का होतं?

घामाचं मीठ, साबणाचा अंश आणि पावसाचं पाणी यांनी पट्टी गुळगुळीत होते आणि क्लिपमधून कणाकणाने सरकते. त्यात हेल्मेट काढल्यावर हँडलला पट्टीने लटकवायची सवय. दर खड्ड्याला ते झुलतं आणि पट्टीला हिसका बसतो. हेल्मेट लटकवायचं तर डोक्यावर लटकवा.

पट्ट्या कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवून, साबण पूर्ण काढून सावलीत वाळवा. नीट बसवल्यावर क्लिपच्या लगेच खाली दोन्ही पट्ट्यांभोवती केसांचं छोटं रबर दोन वेढे देऊन चढवा. बक्कलजवळ उरलेलं टोक घडी घालून दुसऱ्या रबरात अडकवा. आणि मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. पुन्हा बिघडलं तर कुठली पट्टी सरकली ते फोटोशी ताडून लगेच कळतं.

७. आतल्या गाद्या

आपल्याकडे पावसाळ्यात काहीही धड वाळत नाही. गाद्या ओल्या राहतात, वास मारतात, दबून कागदासारख्या होतात, आणि एखादी वेल्क्रोवरून सुटून कपाटामागे पडते. हेल्मेट अचानक सैल झालं असेल तर गाद्या मोजा. डाव्या बाजूला जेवढ्या तेवढ्या उजव्या बाजूला. कंपन्या सुट्या गाद्यांचे सेट विकतात. काही हेल्मेटबरोबर जाड आणि पातळ अशा दोन जोड्या येतात आणि जाड जोडी खोक्यातच राहून जाते. खोकं शोधा.

गादी हरवली म्हणून भांड्यांचा स्पंज, रुमालाची घडी असलं काही आत कोंबू नका. ते आपटताना दबून सरकतं आणि तेवढ्या जागेत हेल्मेट डोक्यावर फिरतं.

वेल्क्रोचा तुकडा निघाला तर तो चिकटवायला हाताला लागेल तो गोंद वापरू नका. आतला फोम म्हणजे थर्माकोलचाच जास्त दाट भाऊ आहे. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी येण्याआधी ज्यांनी घरी गणपतीचं मखर केलं आहे, त्यांनी चुकीचा रंग किंवा थिनर लागल्यावर थर्माकोल कसा विरघळत जातो ते पाहिलेलं असेल. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी, वास मारणारे रबरी गोंद यांनी हेल्मेटच्या आत तेच होतं, आणि बाहेरून काही दिसत नाही.

८. आता माप घ्या

इतकं करूनही हलत असेल तर टेप काढा. भुवयांच्या वर दोन-अडीच सेंटीमीटर, दोन्ही कानांच्या वरून, मागे उंचवट्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून. टेप आडवी, घट्ट नाही, ढिली नाही. तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठं माप धरा. टेप नसेल तर परकराची नाडी गुंडाळा, खूण करा आणि फूटपट्टीवर मोजा.

अनेक कंपन्यांची मापं ५१ ते ५५, ५५ ते ५९ आणि ५९ ते ६३ सेंटीमीटर अशा टप्प्यांत असतात, पण एका कंपनीचं मीडियम दुसरीच्या मीडियमसारखं असेलच असं नाही. अक्षरावर जाऊ नका, सेंटीमीटर वाचा. डायल पूर्ण आवळली जाऊनही हेल्मेट फिरतंय, तर ते मोठं आहे. डायल पूर्ण सैल करूनही भुवईपर्यंत येत नाही, तर छोटं आहे.

लहान मुलांबाबत कळकळीने सांगते. फ्रॉक शिवताना मी शिलाईत माया ठेवते, मूल वाढलं की उसवून मोठा करता येतो. हेल्मेटमध्ये माया ठेवता येत नाही. "वाढत्या अंगाचं घेतलंय, पुढच्या वर्षी बरोबर होईल" असं आई-बाबा सांगतात तेव्हा मला ते वर्ष दिसतं, ज्यात मुलाचं कपाळ उघडं असणार आहे. आज बसतं तेच घ्या. डायलवर थोडी वाढ सामावते, तेवढी पुरे. आणि सायकल खेळून मूल सोसायटीच्या घसरगुंडीकडे पळालं की आधी हेल्मेट काढायला लावा. खेळण्याच्या फटीत हेल्मेट अडकलं तर मूल हनुवटीच्या पट्टीने लटकू शकतं.

९. घेर बरोबर, आकार वेगळा

छत्तीसच्या मापाच्या दोन बायकांना एकच ब्लाऊज बसत नाही. डोक्याचंही तसंच आहे. सत्तावन्न सेंटीमीटरचं एक डोकं वरून पाहिलं तर गोल असतं, दुसरं पुढून मागे लांबट.

कपाळावर आणि मागे रुततंय, पण कानांच्या वर दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी फट आहे, म्हणजे डोकं लांबट आणि हेल्मेट गोल. कानशिलं दुखतात पण कपाळासमोर पोकळी आहे, म्हणजे याच्या उलट. कपाळावरचा आणि कानशिलांवरचा ठणका बऱ्याचदा इथून येतो, आणि यावर घरगुती इलाज नाही. फोम तासायचा नाही, चमच्याने दाबून खळगा करायचा नाही, गरम करायचा नाही. आपटल्यावर तो फोम चिरडला जातो आणि त्या चिरडण्यातच धक्का जिरतो. घरी दाबलेला भाग आधीच खर्च झालेला असतो. दुसऱ्या आकाराचं हेल्मेटच घ्यावं लागतं. काही कंपन्या आशियाई डोक्यांसाठी थोडी गोल ठेवण काढतात, ती घालून बघा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

मागच्या पकडीचा खुंट तुटलाय, डायल फिरते पण खटके धरत नाही, बक्कल ओढल्यावर आपोआप सुटतं: चांगल्या सायकल दुकानात जा आणि त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा सुटा भाग मिळतो का विचारा. दुसऱ्या हेल्मेटचं बक्कल काढून शिवायला माझ्याकडे लोक आणतात. मी शिवत नाही. सव्वीस वर्षं शिवण करूनही तो टाका पडण्याच्या झटक्याला धरेल याची खात्री मला देता येत नाही. पट्टी जिथून फोममध्ये शिरते तिथून उपटली असेल तर तेही दुरुस्तीचं काम नाही, हेल्मेट बदलायचं.

फोमला तडा किंवा खळगा असेल, किंवा हेल्मेट घालून जोरात आपटलात, तर बाहेरून नवंकोरं दिसलं तरी ते संपलं. चिरडलेला फोम पुन्हा फुगत नाही. बंद गाडीत काचेमागे उन्हात ठेवून बाहेरचं प्लास्टिक फुगलं असेल तरीही तेच. वयाबाबत अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा सल्ला ५ ते १० वर्षांत बदलण्याचा आहे. आपला घाम आणि दमट हवा बघता मी ५ वर्षंच धरते.

मुलाच्या डोक्याचं ऑपरेशन झालं असेल, कवटीचा आकार वेगळा असेल, किंवा मूल वर्षाच्या आतलं असेल, तर दुकानदाराला किंवा मला विचारू नका. बालरोगतज्ज्ञांना विचारा.

आणि डोकं आपटल्यावर हेल्मेट नंतर बघा, माणूस आधी. उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं, वाढत जाणारी डोकेदुखी, काही काळ शुद्ध जाणं, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा सरळ रुग्णालयात जा. त्याला सायकलवर बसवून घरी पाठवू नका. "मी बरा आहे" असं तो म्हणत असला तरीही.

नवीन घ्यायचंच ठरलं तर आत ईएन १०७८ (सायकल हेल्मेटचं युरोपचं मानक) किंवा सीपीएससी १२०३ (अमेरिकेचं) असा उल्लेख शोधा. या मानकांच्या चाचणीत हेल्मेट उंचावरून आपटतात, आणि शिवाय पट्टा बांधलेलं हेल्मेट झटका देऊन डोक्यावरून निघतं का तेही बघतात. आयएस ४१५१ हा स्कूटर-मोटारसायकलच्या हेल्मेटचा भारतीय मानकाचा शिक्का. ते जड, बंदिस्त हेल्मेट घालून येऊर चढता येणार नाही, आणि सायकलचं हेल्मेट घालून स्कूटर चालवू नका. पैसे देण्याआधी दुकानातच डायल, व्ही, जांभई हे सगळं करा आणि दहा मिनिटं ते घालून उभे राहा. कपाळावर ठणका यायचा असेल तर तेवढ्यात समजतो. दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान बघा.

जुनं हेल्मेट टाकताना मोठ्या कात्रीने त्याच्या चारही पट्ट्या कापून मगच कचऱ्यात द्या. तडा गेलेलं पण वरून चकचकीत हेल्मेट भंगारातून फिरत कुणाच्या तरी मुलाच्या डोक्यावर जाऊ शकतं.